किल्ली कपाटात

परवा आमच्या शाखेची लाइन बंद पडली. उपाय काय? तर म्हणे, सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक पाहा. ते कुठे आहे? कंपनीच्या संकेतस्थळावर! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. आता बोला!

मी म्हणतो, ही पानं आपल्याच सर्व्हरवर का नकोत? साधी एचटीएमएल पानं ती. डेटाबेससुद्धा लागत नाही. पायथनवाले आपलं अख्खं माहितीपुस्तक घरी उतरवून न्यायला देतात. दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडावा, तर २०१६ साली गूगलने 'गूगल कोड' बंद केलं. किती सॉफ्टवेअरांची माहितीपानं तिथे नांदत होती!

"सांभाळणार कोण?" साहेबांनी विचारलं.

अहो साहेब, सत्तर सालची लेजरं आपण वाळवीपासून सांभाळली. वाळवी एचटीएमएल खात नाही!