यादी चकाचक, बग जागच्या जागी!

होस्टेलची तक्रारवही भरली की नवी वही येते. जुन्या वहीतला गळका नळ मात्र गळतच राहतो. सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्येही हेच चालतं. बगची यादी हजारांवर गेली की कुणीतरी सुचवतं, ‘वर्षभर कुणी हात लावला नाही ना? मग करा सरसकट बंद!’

फायरफॉक्सचंच बघा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं तरी त्याची टूलटिप स्क्रीनवर तशीच राहायची. हा बग २००२ मध्ये नोंदवला गेला आणि २०२३ मध्ये सुटला. नुसतं वय बघून तो आधीच बंद केला असता तर?

सफाई हवीच, पण वाचून. एकच तक्रार दहा जणांनी केली असेल तर ती एकत्र करा. नव्या आवृत्तीवर बग पुन्हा घडवून बघा. घडत नसेल तर बंद करा. दुरुस्त करायचाच नसेल तर तसं कारणासह लिहा. नोंदवणाऱ्याने आपला वेळ खर्च केलेला असतो. त्याला उत्तरच मिळालं नाही, तर पुढचा बग तो सांगणार नाही.

आणि मित्रहो, हे काम फर्स्ट इयरवाल्यालाही जमतं. कोड दुरुस्त करता आला नाही तरी बग घडतो की नाही, हे तर सांगता येतं! आज रात्री दहाच उघडून बघा.