माल स्वदेशी, शिक्का परदेशी

बिनतारी चार्जर ही काही अवकाशयानासारखी गूढ वस्तू नव्हे. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि जोडीला थोडी इलेक्ट्रॉनिक्सची करामत. फोन वर ठेवला की बॅटरी भरू लागते. पुणे-नाशिकच्या लघुउद्योजकाला ती बनवणे अवघड नाही. अवघड आहे ते परदेशी विकणे.

युरोपात शिरायचे तर सीई चिन्ह हवे. त्यामागे २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशाची कसोटी. शिवाय जुलै २०२१ पासून मालाची जबाबदारी घेणारा कोणीतरी युरोपीय भूमीवर असावाच लागतो. अमेरिकेत एफसीसीचे नियम. खोक्यावर 'ची' हे बोधचिन्ह छापायचे, तर २००८ साली स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमचे सदस्य होऊन तिच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत परीक्षा द्यायची. ही संस्था कोणत्या सरकारची नव्हे, कंपन्यांचीच!

हे सारे भारताविरुद्धचे कारस्थान, अशी हाकाटी काही स्वदेशीप्रेमी करतात. संताप समजण्यासारखा आहे, दिशा मात्र चुकलेली. चार्जर तापून पेटू नये, शेजारच्या यंत्रात अडथळा आणू नये, ही अपेक्षा अन्याय्य कशी? २०१२ च्या आदेशाने भारतानेही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना नोंदणीची सक्ती केली आणि परदेशी कारखानदारांना भारतीय मानक ब्यूरोचे दार ठोठावायला लावलेच की!

प्रश्न कसोटीचा नाही, ती ठरवणाऱ्या हातांचा आहे. २०२३ चे 'ची २' हे मानक ॲपलच्या मॅगसेफ तंत्रावर बेतले गेले. ज्याचे संशोधन, त्याचे मानक. इतरांनी शुल्क भरून रांगेत उभे राहायचे. चिनी सुटे भाग जोडून वर तिरंगी वेष्टन चढवणारे आपले व्यापारी या रांगेतून कधी बाहेर पडणार?

मे २०२५ मध्ये एफसीसीने चिनी सरकारच्या नियंत्रणाखालील प्रयोगशाळांना मान्यता नाकारण्याचा निर्णय घेतला. अमेरिकी बाजारातील बहुतांश उपकरणांची चाचणी तोवर चीनमध्येच होत असे. हे काम भारताकडे का वळू नये? मुंबईत 'समीर'सारखी सरकारी संस्था विद्युतचुंबकीय चाचण्या करते. अशी केंद्रे औद्योगिक वसाहतींच्या दारात हवीत.

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला तो केवळ विलायती बांगड्या फोडून नव्हे. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती तेथील भट्टी सोपवली गेली होती. निर्यात-अनुदानाचे अर्ज घेऊन दिल्लीच्या वाऱ्या करणाऱ्या उद्योजक संघटनांनी पुढच्या वारीत प्रयोगशाळा मागावी, आणि मानक समित्यांवर बसू शकतील असे चार अभियंते स्वखर्चाने तयार करावेत.