हप्ता बिल्डरने थकवला, डाग ग्राहकाला

बेंगळुरूत गृहकर्ज मागायला गेलेल्याचा सिबिल स्कोअर बँक सर्वांत आधी पाहते. 300 ते 900 या पट्टीवर तो 750च्या आसपास असला, तर फाइल पुढे सरकते. घसरलेला असला, तर व्याज चढते किंवा अर्जच परत येतो. कर्जबुडव्यांपासून बँकांनी सावध राहायलाच हवे. पण हप्ते भरण्याची लेखी हमी बिल्डरने दिली आणि तीच मोडली, तर ग्राहकाची पत का जावी?

देवनहळ्ळीजवळच्या ‘ओझोन अर्बाना’ प्रकल्पातील अनेक ग्राहक आज याच कोंडीत आहेत. ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरील, असे सांगून बँक, बिल्डर आणि ग्राहक यांच्यात त्रिपक्षीय करार झाले. कर्ज ग्राहकाच्या नावावर, रक्कम मात्र थेट बिल्डरच्या खात्यात. पुढे बांधकाम रखडले, हप्ते थांबले आणि वसुलीचे फोन ग्राहकाला सुरू झाले. थकबाकीही त्याच्याच पॅनवर नोंदली गेली. कर्नाटक रेराने परताव्याचे आदेश दिले, ऑगस्ट 2025मध्ये ईडीने बिल्डरवर छापे घातले. बिल्डरवरील आरोप सिद्ध व्हायचे आहेत. ग्राहकाला शिक्षा मात्र आधीच झाली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही!

हे अचानक घडलेले नाही. रिझर्व्ह बँकेने 3 सप्टेंबर 2013च्या परिपत्रकातच बजावले होते, की बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच कर्जाची रक्कम द्या. बिल्डरने हप्ते थकवले तर कर्जदाराचा स्कोअर घसरू शकतो, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे धोका नेमका ठाऊक होता. नॅशनल हाउसिंग बँकेनेही जुलै 2019मध्ये गृहवित्त कंपन्यांना बिल्डरने हप्ते भरण्याच्या अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. तरीही इमारत उभी राहण्याआधीच पैसे सुटले असतील, तर ते सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना जाब विचारायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2025मध्ये बिल्डर-बँक संगनमताचा तपास सीबीआयकडे सोपवला. दिल्ली परिसरातून सुरू झालेला हा तपास बेंगळुरूपर्यंत आला, हे चांगलेच झाले.

मात्र तपासाने कुणाचा स्कोअर सुधारत नाही. चुकीची नोंद तक्रारीनंतर 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम एप्रिल 2024पासून लागू आहे. इथे तो तोकडा पडतो, कारण कर्ज ग्राहकाच्याच नावावर असल्याने बँकेच्या लेखी नोंद ‘बरोबर’ असते. त्या नोंदीमुळे भाडे भरत दिवस काढणाऱ्या कुटुंबाला दुसरे घर घेता येत नाही, मुलांच्या शैक्षणिक कर्जाची वाटही अवघड होते.

म्हणून रिझर्व्ह बँकेने आता स्पष्ट आदेश काढावा. त्रिपक्षीय करारात बिल्डरने स्वीकारलेले हप्ते थकले, तर ती थकबाकी पतमापन संस्थांकडे बिल्डरच्या नावे कळवावी, आणि ग्राहकांच्या नावावरील अशा जुन्या नोंदी, त्यांना पुन्हा अर्ज करायला न लावता, बँकांनी स्वतःहून मागे घ्याव्यात.