सोनोग्राफी घरी का येत नाही?

रक्त घ्यायला माणूस घरी येतो. ईसीजी घरी होतो. एक्सरेवाला तर मशीन घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतो. मग अंथरुणाला खिळलेल्या ८६ वर्षांच्या आमच्या आजोबांच्या साध्या सोनोग्राफीसाठी ॲम्ब्युलन्स, स्ट्रेचर आणि चार माणसं कशाला? हल्ली प्रोब मोबाईलला जोडता येतो, अख्खं मशीन खिशात मावतं! सेंटरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मशीन बाहेर काढलं तर सील होईल."

खरंय त्याचं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचे नियम २०१२ मध्ये बदलले. पोर्टेबल मशीन एक तर नोंदलेल्या जागेतच, तिथे ॲडमिट असलेल्या पेशंटसाठी वापरायचं, नाहीतर इतर तपासण्याही करणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. म्हणजे आयसीयूत बेडपाशी न्या, चालेल. रस्ता ओलांडून पलीकडच्या घरात नेलं की नियम मोडला.

आता लगेच सरकारला शिव्या घालू नका. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. अशा वेळी गाडीच्या डिकीत मावणारं मशीन मोकळं सोडणं वेडेपणाच होता.

आम्हा आयटीवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे लॉग ठेवा :) कोल्हापुरात तोही झाला. सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले, मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये ते उचलून धरले. पण गुन्हा चित्रात नसतोच ना. डॉक्टर नुसतं "पेढे वाटा" म्हणाला की काम झालं. हे कुठल्या लॉगमध्ये सापडणार?

म्हणून मला वाटतं, नियमाने जागेऐवजी पेशंट बघावा. पुरुष किंवा साठीपुढची बाई, अंथरुणाला खिळलेली, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी असलेली. एवढ्यांसाठीच मशीन बाहेर पडू द्या. आता तुम्ही म्हणाल, आजोबांच्या नावावर निघालेलं मशीन वाटेत भलत्याच घरात शिरलं तर? शिरेल की. आपल्याकडे काहीही होतं. पण इथे मात्र लॉग कामाचा आहे. बोललेला शब्द पकडता येत नाही, पण मशीन किती वाजता कुठे सुरू झालं हे जीपीएसला नक्की कळतं. ठरलेल्या पत्त्याबाहेर ते सुरूच होऊ नये, एवढं सॉफ्टवेअर काही रॉकेट सायन्स नाही.

सुरुवात सरकारी जिल्हा रुग्णालयांपासून करा. खाजगीवाल्यांना वर्षभर थांबू दे.