स्लाइड पुढे, वाक्य मागे

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला संपादकांनी हसू नये!

माझी रूममेट लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. गणितात माझ्यापेक्षा हुशार, तरी एसओएमला केटी लागली. का, तर प्रश्नच नीट कळला नाही. आमच्या वर्गात प्रोजेक्टर आहे. पण स्लाइडवर दहा ओळी, सर बोलणार तिसरंच, आणि आपलं अर्धं वाक्य वाचून होईतो ‘नेक्स्ट’! मला इंग्लिशची सवय म्हणून निभावलं. तिने ट्रान्सलेशन ॲप लावलं, तर ‘बेंडिंग मोमेंट’चा झाला ‘वाकण्याचा क्षण’. रात्री दोनला आम्ही पोट धरून हसलो. पेपरात मात्र तो क्षण तिच्यावरच आला.

मग तिला एनपीटीईएलचे व्हिडिओ सापडले. बोलणं इंग्लिश, खाली सबटायटल्सही इंग्लिश. कानावर पडलेला शब्द त्याच वेळी डोळ्यांना दिसतो. अडलं की थांबवायचं, मागे न्यायचं, स्पीड कमी करायचा. कल्पना तशी जुनीच. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच सांगत आलेत: गाणं ज्या भाषेत, खालच्या ओळीही त्याच भाषेत. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’वर तसा प्रयोगही झाला. गाणी ऐकता ऐकता लोकांचं वाचन सुधारतं, तर आमचं का नाही? (हा लेखसुद्धा मी फोनकडून मोठ्याने वाचून घेतला. डोळ्यांना न दिसलेल्या चुका कानाला खटकल्या.)

म्हणून सरांना विनंती. स्लाइड्स आदल्या दिवशी द्या. वर्गात एखादा उतारा पडद्यावर ठेवून दोन मिनिटं कुणीच बोलू नका, आम्हाला वाचू द्या. डिक्शनरीपुरता फोन चालू द्या. हो, त्यावर रील्सही बघितल्या जातील, खोटं कशाला बोलू?

आणि एआयकडून चॅप्टरचा सारांश काढणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मी व्हायव्हात शिकले. बेंडिंगचा फॉर्म्युला तोंडपाठ होता. तो इलॅस्टिक लिमिटच्या आतच चालतो, ते वाक्य सारांशात गळलं होतं. पुस्तकात ते पहिल्याच पानावर होतं!

रूममेटचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. सध्या मी तिला प्रश्नातलं इंग्लिश फोडून सांगते, ती मला त्यातलं मेकॅनिक्स मराठीत समजावते. लायब्ररी लवकर बंद होते, म्हणून मेसच्या टेबलावर.