वकिलाला जाहिरातीची बंदी, मग लॉ फर्मच्या मार्केटिंगमध्ये करिअर होतं कसं?

तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंची इन्स्टाग्राम पेजं सांभाळणारी बरीच पोरं आज मालवणात आहेत. स्कूबाचं रील, सुरमई थाळीचा फोटो, खाली बुकिंगचा नंबर आणि आणलेल्या बुकिंगमागे कमिशन. पर्यटनात हे सर्रास चालतं. हेच काम वकिलासाठी केलं, तर मात्र गाठ कायद्याशी पडू शकते.

हा विषय आत्ताच निघण्याचं कारण कोल्हापूर. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मालवणच्या पक्षकाराला हायकोर्टासाठी जवळपास पाचशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागायची, आता घाट चढला की झालं. पण तालुका कोर्टातला वकील कुणाच्या तरी मामाचा वर्गमित्र निघतो, तसं कोल्हापुरात होत नाही. त्यात इथले दावे जमिनीचे. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातले निम्मे चाकरमानी. मग माणूस मोबाईलवर वकील शोधतो, आणि तिथे आपण दिसावं असं वकिलालाही वाटतं.

दिसायचं कसं, यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आहे. जाहिरात, पत्रकं, दलाल, ओळख नसताना साधलेला संपर्क यातल्या कुठल्याही मार्गाने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, वकिलाने काम मागायचं नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर आपण अमुक कामातले तज्ज्ञ आहोत असं लिहायचं नाही. 2008 मध्ये थोडी सूट मिळाली. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं देता येतात. म्हणजे ‘जमिनीचे दावे’ हे शब्द वेबसाइटवर चालतात, पण ‘जमीन दाव्यांचे तज्ज्ञ’ अशी पाटी दारावर चालत नाही. रील्सच्या जमान्यात हे विचित्रच.

नियमामागचा राग मात्र जुना आहे. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकारांवर अक्षरशः झडप घालायचे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1975 मध्ये न्यायालयाने वकिली हा व्यापार नाही, असं बजावलं. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा विकणाऱ्या ऑनलाइन पोर्टल्सवर बोट ठेवलं. मार्च 2025 मध्ये बार कौन्सिलने सिनेकलाकार आणि इन्फ्लुएन्सर घेऊन केलेल्या जाहिरातींवर ताशेरे ओढले. अमेरिकेत 1977 पासून वकिलांना जाहिरात करता येते. त्यामुळे तिथले लॉ फर्म मार्केटिंगचे व्हिडिओ बघून इथे कामाला लागणं धोक्याचं आहे.

तरीही ही नोकरी भारतात आहे, फक्त तिचं नाव बहुधा ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ असतं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्म्समध्ये त्यासाठी वेगळे विभाग आहेत. चेंबर्स अँड पार्टनर्स आणि लीगल 500 या लंडनच्या रँकिंगसाठी वर्षभराच्या कामाची माहिती तयार करायची, कंपनीने प्रस्ताव मागवला की तो लिहायचा, नव्या कायद्यावर सोप्या भाषेत टिपण काढायचं, सेमिनार लावायचे. यासाठी कायद्याची पदवी लागतेच असं नाही. लिहिता मात्र यायला हवं, आणि अशिलाची कुठली गोष्ट बाहेर जाता कामा नये याचं भान हवं. सनद घेतलेल्याने अशी पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर वकिली स्थगित ठेवावी लागते.

खरा खड्डा पैशाच्या हिशेबात आहे. वकील नसलेल्या माणसाबरोबर वकिलाला फीची वाटणी करता येत नाही. शिवाय अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये 2023 च्या दुरुस्तीने कलम 45अ आलं, ते सप्टेंबर 2024 अखेरीस लागू झालं. मोबदला घेऊन वकिलाला काम मिळवून देणारा, तो या कलमात दलाल. अशांची यादी जिल्हा न्यायाधीश किंवा जिल्हाधिकारीही काढू शकतात. यादीत नाव असताना दलाली केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा हसण्यासारखा आहे, कैदेचा नाही. कमिशन कोर्टाच्या आवारात घेतलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लीड पाठवून, याने व्याख्येत फरक पडत नाही.

म्हणून मालवणात बसून कोल्हापूरच्या एखाद्या ऑफिसचं काम घेणाऱ्याने आधी व्यवहार लेखी ठरवावा: महिन्याला ठरलेली रक्कम, केसमागे काही नाही. काम काय, तर नियमात बसणारी वेबसाइट आणि मराठीत नीट समजावणारे लेख. सामायिक जमीन एका हिस्सेदाराला परस्पर विकता येते का, कुळाची नोंद कशी तपासायची, किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडची परवानगी कधी लागते. लेखाच्या शेवटी ‘आजच फोन करा’ लिहायचा मोह होतो. ती ओळ आली की लेख माहितीचा राहत नाही, आणि तक्रार झालीच तर बार कौन्सिलपुढे उत्तर वकिलाला द्यावं लागतं.