'पडीक' हा शब्द कोणाचा?

एखादी जमीन गिळंकृत करायची तर आधी तिला 'पडीक' म्हणावे लागते. हे काम मोजणीदाराचे नव्हे, भाषेचे आहे. आणि म्हणूनच नगररचना हा आपला विषय नव्हे असे म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी अंग काढून घेणे मला अक्षम्य वाटते.

लंडनमधील किंग्ज क्रॉस स्थानकामागचा 67 एकरांचा परिसर नगर-पुनर्विकासाचा वस्तुपाठ म्हणून मिरवला जातो. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडचा कोळसा आणि धान्य येथे उतरत असे. लुईस क्युबिटने 1852 मध्ये उभारलेल्या धान्यकोठारात 2011 पासून सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय नांदते. गॅसच्या जुन्या टाक्यांच्या लोखंडी सांगाड्यांत सदनिका आहेत, कोळशाच्या वखारींत उंची दुकाने. सुमारे 26 एकर जागा मोकळी ठेवलेली आहे. हे सारे देखणे आहे, आणि ते नाकारण्याचा कोतेपणा मी करणार नाही.

परंतु 'पडीक' म्हटली गेलेली ही जागा खरोखर तशी होती काय? त्याच वखारींत रात्र रात्र चालणारे नृत्यक्लब होते. 2008 उजाडताना ते बंद झाले. कलरॉस बिल्डिंग्ज ही एकोणिसाव्या शतकातील चाळवजा इमारत होती. ती पाडली गेली. म्हणजे जागा रिकामी नव्हती, तिचे भाडे कमी होते. या दोहोंतला फरक पुसून टाकणे हेच 'पडीक' या विशेषणाचे कार्य.

'हरित' या शब्दाची कथाही अशीच आहे. या परिसराला लागून, कालव्याच्या काठी, कॅमली स्ट्रीट येथे कोळशाच्या जुन्या डेपोवर जेमतेम दोन एकरांचे एक रान आहे. रेल्वेने पाठ फिरवल्यावर ते आपोआप रुजले. तेथे वाहनतळ होऊ घातला होता. निसर्गप्रेमी नागरिकांनी झगडून तो थोपवला आणि 1985 मध्ये ते निसर्गोद्यान म्हणून खुले झाले. पुनर्विकासाच्या आराखड्याला 2006 मध्ये मंजुरी मिळाली, त्याच्या दोन दशके आधी! हिरवाई ही आराखड्याने दिलेली देणगी आहे, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

राहता राहिली 'मोकळी' जागा. मराठीत मोकळे म्हणजे रिकामे, तसेच बंधनमुक्तही. किंग्ज क्रॉसचे चौक पहिल्या अर्थाने मोकळे आहेत. त्यांची मालकी खाजगी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ओळखणारी यंत्रणा तेथील कॅमेऱ्यांना जोडलेली होती, हे 2019 मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले. 2016 ते 2018 या काळात ती वापरल्याचे व्यवस्थापनाने मग मान्य केले. कारंज्याशी खेळणाऱ्या पोराच्या आईला याची गंधवार्ताही नसणार. आणि सरकार? सरकारचा या प्रकल्पात 36.5 टक्के हिस्सा होता. तो 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका निवृत्तिवेतन निधीला 37 कोटी 10 लाख पौंडांना विकून ते मोकळे झाले. (हा 'मोकळे'चा तिसरा अर्थ.)

'मग काय रूळ गंजत ठेवायचे?' हा आक्षेप मला पाठ आहे. त्याचे उत्तर तेथून चालत काही मिनिटांवर उभे आहे. सेंट पँक्रस स्थानकाशेजारी सॉमर्स टाउनचा रेल्वेचा मालधक्का होता. त्याच जमिनीवर सार्वजनिक पैशातून ब्रिटिश लायब्ररीची इमारत झाली. 1998 मध्ये तिचे उद्घाटन झाले. ब्लुमहार्टने ज्यांची सूची केली ती मराठी हस्तलिखिते आणि जुनी मुद्रित पुस्तके आज तिच्याच संग्रहात आहेत. वाचक म्हणून नाव नोंदवायला तेथे पैसे पडत नाहीत. रेल्वेची जमीन तीच, शहर तेच. वाद जमीन वापरावी की नाही असा नव्हताच कधी. ती शेवटी कोणाच्या नावे लागते, एवढाच होता. 'मिश्र वापर' या गोड शब्दप्रयोगात वापराचा उल्लेख येतो, मालकीचा येत नाही.

पुढच्या सत्रात शैलीविचार शिकवताना मी कवितेऐवजी एका गृहप्रकल्पाची माहितीपुस्तिका वर्गात नेणार आहे. विद्यार्थ्यांनी त्यातील प्रत्येक 'आपला' या शब्दाखाली रेघ मारायची, आणि समासात लिहायचे: म्हणजे कोणाचा?